जननेंद्रियांचा भ्रूणविकास : संशोधनाचा इतिहास

मानवी भ्रूणात पहिल्या सु. सहा आठवड्यांपर्यंत नर व मादी हा भेद रचनेवरून ओळखता येत नाही. जननग्रंथी उभयक्षम असते व तिच्यालगत नलिकांच्या दोन जोड्या असतात. पुढे यांपैकी एक जोडी वाढीस लागते, तर दुसरी बव्हंशी नाश पावते. ही निवड कशी होते, याचा शोध दीर्घकाळ केवळ तर्काच्या आधारे चालला होता.

ॲरिस्टॉटल यांनी हा भेद उष्णतेच्या न्यूनाधिक्यावर बसविला. इ. स. दुसऱ्या शतकातील गेलेन यांच्या मते स्त्रीची जननेंद्रिये म्हणजे पुरुषाचीच, परंतु उष्णतेअभावी आत राहिलेली इंद्रिये होत. चरकसंहितेत शुक्राच्या आधिक्याने पुत्र व रक्ताच्या आधिक्याने कन्या होते, असे प्रतिपादन आहे. मात्र पुंसवन हा विधी गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी करावा, असेही तीत सांगितले आहे. विधी निरुपयोगी असला, तरी आरंभी लिंग अव्यक्त असते ही त्यामागील कल्पना लक्षणीय आहे.

प्रत्यक्ष निरीक्षणास अठराव्या शतकात प्रारंभ झाला. कास्पार फ्रीड्रिख व्होल्फ यांनी १७५९ मधील आपल्या प्रबंधात कोंबडीच्या भ्रूणाच्या विकासाचे वर्णन केले. भ्रूणातील तात्पुरते मूत्रपिंड व त्याची नलिका यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले. दुसऱ्या नलिकेचे सविस्तर वर्णन योहानेस म्यूलर (१८०१–५८) यांनी १८३० मध्ये केले. व्होल्फ नलिकेपासून नरात अधिवृषण, रेतोवाहिनी व रेताशय बनतात, तर म्यूलर नलिकेपासून मादीत अंडवाहिन्या, गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. प्रत्येक भ्रूणात दोन्ही नलिका असतात आणि नाश पावणाऱ्या नलिकेचे लहानसे अवशेष प्रौढ शरीरातही आढळतात. गेलेन यांची एकाच इंद्रियाच्या दोन बाजूंची कल्पना, निदान या अंतर्गत नलिकांपुरती, येथे निकालात निघाली.

यानंतरचा धागा गोठ्यात सापडला. नर वासराबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, हे पशुपालकांना पूर्वापार ठाऊक होते. जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये तिच्या इंद्रियांचे वर्णन केले. फ्रँक लिली यांनी १९१६-१७ मध्ये याचा उलगडा असा केला, की जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींस जोडल्या गेल्याने नराची हॉर्मोने मादीच्या रक्तात मिसळतात. तत्पूर्वी १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स व ई. बी. विल्सन यांनी कीटकांत लिंगभेदाचा संबंध गुणसूत्रांशी जोडला होता. मानवात वाय गुणसूत्र पित्याकडूनच येत असल्याने अपत्याच्या लिंगाबद्दल मातेस दोष देण्यास काहीही आधार उरत नाही.

निर्णायक प्रयोग आल्फ्रेड झोस्ट यांनी फ्रान्समध्ये केले. सशाच्या गर्भाशयातील पिलांवर शस्त्रक्रिया करून त्यांनी जननग्रंथी काढून टाकल्या. १९४७ मध्ये व त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगमालेत वृषणे नसलेली सर्व पिले मादीच्या रचनेची निपजली; अंडकोश काढल्याने मात्र फरक पडला नाही. वृषणाऐवजी पुरुष-हॉर्मोन दिले असता व्होल्फ नलिका टिकली, तरी म्यूलर नलिका नाहीशी झाली नाही. यावरून तिचा नाश करणारे वेगळे द्रव्य वृषणात असले पाहिजे, हे अनुमान त्यांनी काढले. त्याचा जीन १९८६ मध्ये वेगळा करण्यात आला.

वाय गुणसूत्र हे मानवात पुरुषत्वाचे निर्धारक आहे, हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले. त्यावरील एसआरवाय हा जीन १९९० मध्ये हाती आला व पुढील वर्षी तो घातलेल्या एक्सएक्स उंदरात वृषणे तयार झाली.

झोस्ट यांच्या निष्कर्षाचा मात्र विपरीत अर्थ लावला गेला. मादी आपोआप घडते, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाऊ लागले. गेलेन यांच्या उणीवेच्या कल्पनेचेच हे नवे रूप म्हणावे लागेल, आणि त्यामुळे अंडकोशाचे संशोधन मागे पडले. २००९ मध्ये प्रौढ उंदराच्या अंडकोशातील फॉक्सएल२ हा एकच जीन निष्क्रिय करताच तेथील पेशी वृषणातील पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे अंडकोश टिकविण्याचे कार्य जन्मभर चालू असते. व्होल्फ नलिका मादीत हॉर्मोनाअभावी आपसूक विरते, हा समजही २०१७ मध्ये मागे पडला. उंदराच्या मादी-भ्रूणात तिचा नाश घडवून आणण्यास कूप-टीएफ२ हे प्रथिन आवश्यक असते, असे त्या वर्षी आढळून आले.