घड्याळावरचं नाव आणि आतलं मशीन

मागच्या शनिवारी घरी महाडला गेलो होतो. निमित्त होतं एका बंद घड्याळाचं.

घड्याळ पणजोबांचं. वेस्ट एंड वॉच कंपनीचं 'सोवार प्रायमा'. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार. पणजोबा पोलादपूर तालुक्यातले, दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. आमच्या भागात यात काही नवल नाही, शेजारच्या महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच मुळी फौजी आंबवडे! पणजोबांनंतर घड्याळ आजोबांकडे, म्हणजे अण्णांकडे आलं. "वेस्ट एंडचं आहे, विलायती!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं. आमचं तळमजल्यावरचं कपाट चिखलात गेलं आणि त्यातच हे घड्याळ. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. तिथे घड्याळाचं काय घेऊन बसायचं? अण्णांनी ते पुसून फडक्यात गुंडाळलं आणि विषय बंद केला. आता या वर्षी एकदम म्हणाले, "एकदा चालू झालेलं बघायचंय रे."

बाजारपेठेतल्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. मशीन गंजलेलं, बॅलन्सची दांडी तुटलेली. बॅलन्स काढून ते म्हणाले, "अण्णा, मशीन वेस्ट एंडचं नाही. ए. शिल्डचं आहे."

अण्णांचा चेहरा उतरला. "म्हणजे डुप्लिकेट?"

"नाही हो, अस्सल आहे. ते असंच असायचं."

दुकानात माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. रात्री वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. वेस्ट एंड ही स्विस मंडळींची पेढी, सुरुवात १८८६ ची आणि बाजार मुंबई-कलकत्त्याचा. नाव मात्र लंडनच्या वेस्ट एंडवरून, कारण इथल्या गिऱ्हाईकाला लंडन ओळखीचं! घड्याळं यायची स्वित्झर्लंडहून. काहींच्या आत लाँजिनचं मशीन असायचं, काहींत आणखी कोणाचं.

यात लबाडी नव्हती. स्विस धंदाच असा उभा राहिला. जुरा डोंगरात कोणी चाकं करायचं, कोणी डायल, कोणी केस. पेढी ते सगळं जुळवून आपलं नाव घालायची. कच्चं मशीन बनवणारे कारखाने वेगळे. त्यातलाच ग्रेंशेन गावातला ए. शिल्ड, स्थापना १८९६. त्याची मशीनं कितीतरी नावांच्या घड्याळांत धावली. गंमत बघा, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या मनगटी घड्याळांतही ए. शिल्डची मशीनं होती. म्हणजे पणजोबा आणि समोरचा शत्रू, दोघांची वेळ एकच कारखाना सांगत असणार!

१९२६ मध्ये ए. शिल्ड आणि इतर मोठे कारखाने एबोश एसए या छत्राखाली आले. त्याच परंपरेतली इटा कंपनी आज स्वॉच ग्रुपमध्ये आहे आणि तिची मशीनं अनेक ब्रँडच्या पोटात असतात. तीच गोष्ट जपानच्या मियोटाची. मालक सिटिझन, आणि मशीन जगभरच्या ब्रँडना. 'स्विस मेड' या शब्दांनासुद्धा हिशेब आहे. २०१७ पासून मशीन स्विस हवं आणि घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा. उरलेल्या ४० टक्क्यांबद्दल डायल गप्प बसते.

मग नाव आणि कारखाना एकच, असं कुणी आपल्याकडे होतं का? होतं. एचएमटी. १९६१ मध्ये बंगळूरला सिटिझनच्या मदतीने सुरुवात झाली. आधी जपानी सुटे भाग जोडले, मग हळूहळू भाग इथेच बनवायला लागले. अण्णांच्या हातावरची 'जनता' त्यातलीच. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. आता ऑनलाईन 'नवीकोरी जुनी एचएमटी' म्हणून मिळतात, त्यातल्या पुष्कळ जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल चढवलेल्या असतात. म्हणजे इथे उलटा प्रकार. मशीन खरं, चेहरा बनावट! घेताना जपून.

असो. आता माझं स्वतःचं. आम्ही पुण्यात बसून जे कोड लिहितो ते क्लायंटच्या नावाने चालतं. वापरणाऱ्याला आमचं नाव कधी दिसत नाही. पगार मिळतो, तक्रार नाही. पण त्या दिवशी दुकानात मला ए. शिल्डच्या कारागिरांबद्दल उगाच आपलेपणा वाटला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी रविवारी काकांनी भंगाराच्या डब्यातून एक मोडकं घड्याळ काढलं. नाव दुसरंच, डायल फिकी पडलेली, पण आत ए. शिल्डचं अगदी त्याच नंबरचं मशीन. त्याचा बॅलन्स आमच्या घड्याळात चपखल बसला. मशीन खास वेस्ट एंडचं असतं तर हा भाग महाडच्या एका डब्यात कुठून सापडला असता? ज्या गोष्टीने अण्णांचा चेहरा उतरला होता, तिनेच घड्याळ वाचवलं.

काकांनी चावी दिली. टिकटिक सुरू झाली. अण्णांनी घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ तसेच बसले.

घरी आल्यावर मला म्हणाले, "त्या बनवणाऱ्याचं नाव एका कागदावर लिहून दे. डबीत ठेवतो. पुढच्या वेळेला उघडेल त्याला आधीच माहीत असलेलं बरं."

मी लिहून दिलं. ए. शिल्ड, ग्रेंशेन. खाली बॅलन्स कुठून आला तेही लिहिलं आणि तारीख घातली.

तुमच्याही घरी एखादं जुनं घड्याळ असेल तर जाणत्या माणसाकडून एकदा मागचं झाकण उघडून घ्या. पुढच्या नावाइतकंच आतलं नावही वाचण्यासारखं असतं.