जरा बाहेर येता का?

तुमच्यापैकी जे मुंबईत वाढले, त्यांना 'टाटाला नेलंय' म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि हळूहळू त्याच्या नावाआड रोगाचं नाव लपू लागलं. घरात 'कॅन्सर' हा शब्द कुणी उच्चारत नसे. फॅमिली डॉक्टर आजींची नाडी बघत, "काही नाही, बरं वाटेल हं" म्हणत, आणि चपला घालता घालता थोरल्या मुलाला विचारत, "जरा बाहेर येता का?" खरं काय ते जिन्यात बोललं जाई.

इथे अमेरिकेत वाढलेल्या मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, "सो इंडियन!" मग माझ्यातला मास्तर गप्प बसत नाही.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पहिली आचारसंहिता १८४७ची. डॉक्टरने निराशेची भाकितं करायला पुढे सरसावू नये. खरोखर धोका असेल तेव्हा आप्तेष्टांना वेळेवर कल्पना द्यावी, आणि अगदीच गरज पडली तर रोग्यालाही, असं ती सांगते. म्हणजे आपला जिना इथेही होताच! १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांची मतं घेतली. सुमारे ९० टक्क्यांचा कल रोग्याला कॅन्सर असल्याचं न सांगण्याकडे होता. १९७९मध्ये तीच प्रश्नावली रॉचेस्टरमधल्या डॉक्टरांना दिली, तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधे फक्त अठरा वर्षं.

या काळात डॉक्टर अधिक दयाळू झाले, असं मला वाटत नाही. औषधं बदलली. हॉजकिन्ससारखे काही कॅन्सर बरे होऊ लागले. महिनोन्‌महिने चालणारे, केस घालवणारे उपचार रोग्यापासून लपवणार कसे? शिवाय त्याची संमतीही लागू लागली.

याच काळात, १९६९ साली, फॅमिली प्रॅक्टिसला इथे स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. गुपित सांभाळण्याचं काम संपलं, सोबतीचं उरलं. सर्जन गाठ बघतो, ऑन्कॉलॉजिस्ट औषध ठरवतो. पण तुमची साखर, रक्तदाब, उडालेली झोप, घरात कोण कुणाचं करतं, हे आजाराच्या आधीपासून फॅमिली डॉक्टरला ठाऊक असतं. (इन्शुरन्सवाले त्याला त्यासाठी किती मिनिटं देतात, हा वेगळा लेख होईल.) म्हणून निदान झाल्यावर त्याच्याकडे जाणं सोडू नका. केमोच्या काळात मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं, हे त्याने आणि ऑन्कॉलॉजिस्टने मिळून ठरवायला हवं.

जिना गेला, पण थोरला मुलगा अजून आहे. आई इथे असते, डॉक्टर इंग्रजीत बोलतात, मुलगा भाषांतर करतो आणि 'मॅलिग्नंट'चं मराठीत 'छोटीशी गाठ आहे' होतं. हे प्रेमानेच होतं, मी ते पुष्कळ घरांत पाहिलंय. पण १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे, सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाकडे तुम्ही दुभाषा मागू शकता, तोही फुकट. मागताना 'मराठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला देतील. आणि तपासण्या सुरू होण्याआधीच फॅमिली डॉक्टरांना आईला विचारू द्या: किती जाणून घ्यायचंय, कुणाच्या तोंडून? एखादी आई म्हणेलही, "मला नको, लेकाला सांगा." डॉक्टर तसं नोंदवून ठेवतील.