तीनशे डीपीआयची वंशावळ

मासिकासाठी व्यक्तिचित्र काढायला बसलेला चित्रकार हल्ली पहिली रेघ मारण्याआधी फाइल उघडून चार गोष्टी भरतो : पानाचं माप, तीनशे डीपीआय, सीएमवायके आणि चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी सोडलेली जादा जागा. मग लेयर टाकतो आणि चेहऱ्याला हात घालतो. हे सगळं संगणकाचं शास्त्र वाटतं. पण यातलं काहीच संगणकाने ठरवलेलं नाही. सगळं छापखान्यातून आलं आहे. मासिकातला चेहरा कसा दिसेल, हे चित्रकाराइतकंच छापखान्यानेही ठरवलं.

सुरुवात लेयरपासून करू. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली छपाई शिळाछापाची. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर त्यातले रंग सुटे करत आणि प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. गालाचा गुलाबी एका शिळेवर, त्याखालचा फिका पिवळा दुसरीवर, केसांचा काळा तिसरीवर. एकच कागद या सगळ्या शिळांवरून फिरायचा. जुळणी केसभर हलली, की लाल रंग ओठांबाहेर. त्यासाठी समासात जुळणीच्या खुणा असत. छपाईला जाणाऱ्या पीडीएफच्या कडेला त्या फुल्या आजही दिसतात. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. म्हणजे चेहरा थरांत सोडवून बघण्याची ही रीत रविवर्मा प्रेसमध्ये बरोबर शंभर वर्षं आधी चालू होती. फरक इतकाच, की शिळेवरचा थर लपवता येत नसे आणि चुकला तर शिळा पुन्हा घासावी लागे.

नियतकालिकांना मात्र शिळाछाप परवडण्यासारखा नव्हता. खिळ्यांच्या मजकुराबरोबर त्याच यंत्रावर छापता येईल असं चित्र हवं होतं. ती सोय लाइन ब्लॉकने केली. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, आम्लाने मोकळी जागा खायची आणि उरलेल्या उंच रेघांना शाई लावायची. यात काळं किंवा पांढरं, एवढंच. करडा रंग हवा असेल तर चित्रकाराने तो रेघा आणि ठिपके जवळजवळ मारून भासवायचा. मासिकांतल्या अर्कचित्रांची रेघ इतकी ठाम, मोजकी आणि बोलकी झाली त्यात या पत्र्याचाही वाटा आहे. ‘ललित’ मासिकाच्या पानांवर वसंत सरवट्यांनी मराठी लेखकांना असंच मोजक्या रेघांत पकडलं. अमेरिकेत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने १९७९ मध्ये केविन स्प्राउल्स या चित्रकाराकडून ठिपक्या-रेघांची छोटी व्यक्तिचित्रं घ्यायला सुरुवात केली. ऑफसेटच्या जमान्यातही जुन्या कोरीव ठशाचा चेहरामोहरा त्या वृत्तपत्राची ओळख बनला.

तीनशेचा आकडा आला हाफटोनमधून. छायाचित्रातल्या सलग छटा शाईने छापता येत नाहीत, कारण शाई एकतर लागते, नाहीतर लागत नाही. म्हणून कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे आडव्या-उभ्या बारीक रेषांची काच, म्हणजे स्क्रीन, धरून चित्र ठिपक्यांत फोडायचं : गडद भागात मोठे ठिपके, उजळ भागात लहान. या तंत्रावर कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधरींनी स्वतंत्र संशोधन केलं. लंडनच्या पेनरोझ वार्षिकात त्यांचे लेख छापून आले. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला जाड स्क्रीन लागे, गुळगुळीत आर्ट पेपरला बारीक. मासिकांसाठी इंचाला दीडशे ओळींची स्क्रीन रुळली. एका ठिपक्यासाठी दोन पिक्सेल धरा, असा ठोकताळा पुढे संगणकावर आला. दीडशे दुणे तीनशे. फक्त मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या अंकासाठीही संपादक तीनशे डीपीआय मागतात, ती या काचेची पुण्याई.

रंगीत हाफटोन म्हणजे तिरंगी ब्लॉक : पिवळा, लाल, निळा. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यावर छापली जात. गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केलं तेव्हा चित्रकार आणि संपादक एकाच खुर्चीत बसले. कोणता रंग ब्लॉकवर मरतो आणि कोणता खुलतो, हे अशा माणसाला ठाऊक असणं भागच होतं. तीन शाया मिळून काळा मातकट येई, म्हणून चौथी, काळी शाई आली. सीएमवायकेमधला ‘के’ तो.

या घराण्यात बाहेरून आलेली सून एकच : वळणदार रेघ ओढणारं पेन टूल. ते आलं मोटारींच्या कारखान्यातून. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवले. १९८७ मध्ये अडोबी इलस्ट्रेटरने तेच वळण चित्रकाराच्या हाती दिलं. सपाट रंगांच्या तुकड्यांनी बांधलेले, कितीही मोठे केले तरी न फाटणारे आजचे चेहरे या वळणाचे.

वारशात एक गोष्ट मात्र उतरली नाही. ब्लॉकच्या काळात चित्र छापायच्या मापापेक्षा मोठं काढत आणि कॅमेऱ्याने ते लहान करत. त्यामुळे लहान झाल्यावर काय उरेल, याचा हिशेब रेघ ओढतानाच करावा लागे. आता पडद्यावर चेहरा चारशे टक्के मोठा करून एकेक पापणी रंगवता येते. छापील पानावर तोच चेहरा आठ सेंटिमीटरचा असतो आणि पापण्यांचा काळा डाग होतो. आकडे छापखान्याचे घेतले, तसा हा हिशेबही घ्यायला हवा. त्याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. चित्र पाठवण्याआधी ते मूळ मापात साध्या कागदावर छापायचं आणि वाचक अंक धरतो तेवढ्या अंतरावर धरून बघायचं. माणूस ओळखू आला नाही, तर वाढवलेल्या पापण्या काढून टाकायच्या.