गिफ्ट: भेट, विष आणि लग्न

आज एकच शब्द सोबत घेऊन युरोपात फिरायचंय. शब्द आपल्या रोजच्या वापरातला आहे: गिफ्ट.

जर्मनीत एखाद्या डब्यावर 'गिफ्ट' असं लिहिलेलं दिसलं, तर तो चुकूनही उघडू नका. जर्मन भाषेत गिफ्ट म्हणजे विष! उंदीर मारायच्या औषधाला तिथे 'राटेनगिफ्ट' म्हणतात. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र गिफ्ट म्हणजे देणगी. आणि वर स्वीडनला गेलात तर अजून गंमत. स्पेलिंग तेच, उच्चार 'यिफ्ट', आणि अर्थ दोन: एक विष, दुसरा चक्क विवाहित.

आता प्रश्न असा, की भेट, विष आणि लग्न एकाच शब्दात आले कसे?

या सगळ्या भाषा एकाच जर्मानिक कुळातल्या. शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा: देणं, किंवा दिलेली वस्तू. पुढे प्रत्येक भाषेनं वेगळी वाट धरली.

आधी विषाची गोष्ट बघू. ग्रीक भाषेत 'दोसिस' म्हणजे देणं. वैद्य रोग्याला औषध मोजून द्यायचे, म्हणून त्या मापालाच दोसिस म्हणू लागले. हा शब्द लॅटिनमध्ये गेला, आणि जर्मन लोकांनी त्याचं भाषांतर केलं: गिफ्ट. म्हणजे औषधाचा डोस. मग 'विष' हा शब्द थेट उच्चारायला नको, म्हणून विषालाही लोक हळूच 'दिलेलं काहीतरी' म्हणू लागले. शेवटी विष हाच अर्थ उरला. आपण 'उपदेशाचे डोस पाजतो' ना, तो डोस याच दोसिसचा वंशज. इतकंच नाही, दोसिस आणि आपलं संस्कृतातलं 'दान' यांचं मूळही एकच.

१५३८ मध्ये पॅरासेल्सस नावाच्या वैद्यानं जर्मनमध्ये लिहिलं, की प्रत्येक वस्तूत विष असतं, ते बाधणार की नाही हे फक्त मात्रा ठरवते. त्यानं विषासाठी 'गिफ्ट' वापरला आणि मात्रेसाठी 'दोसिस'. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ 'देणं'च!

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यालाही या कोड्यानं पछाडलं. १९२४ मध्ये त्यानं एक छोटा लेख लिहिला, त्याचं नावच 'गिफ्ट, गिफ्ट'. त्याचं म्हणणं असं: जुन्या जर्मानिक टोळ्यांमध्ये भेट म्हणजे बऱ्याचदा एकत्र बसून मद्य पिणं. समोरच्यानं पुढे केलेल्या पेल्यात काय आहे, याची खात्री कोण देणार? शिवाय भेट घेतली की माणूस मिंधा होतो. म्हणजे भेटीत धोका आधीपासूनच होता.

आता लग्न. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, पण त्याचा अर्थ वाढदिवसाची भेट वगैरे नव्हता. वधूसाठी मोजलेली किंमत, असा होता. अनेकवचनात तोच शब्द म्हणजे लग्न. आजचा गोड अर्थ आणि 'ग' चा उच्चार इंग्रजीत आला तो व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेच्या प्रभावातून. स्वीडिश 'विवाहित' हा अर्थही 'दिलेली' मधूनच आला: दिलेली मुलगी. जर्मनमध्ये भेटीचा जुना अर्थ आज ठळकपणे टिकलाय तो 'मिटगिफ्ट' या शब्दात. शब्दशः अर्थ 'सोबत दिलेलं', म्हणजे हुंडा.

इथे आपल्याला हसून पुढे जाता येत नाही. कारण आपणही 'मुलगी कुठे दिली?' असं सहज विचारतो. मुलगा 'दिला' असं म्हणतो ते बहुतेक दत्तक देतानाच. हुंडाबंदीचा कायदा आपल्याकडे १९६१ चा आहे, तरी हे वाक्य अजून तोंडात आहे. स्वीडिश माणूस 'यिफ्ट' म्हणताना त्यातली दिलेली मुलगी आज कुणाला आठवत नाही. तिथे नवराही यिफ्ट आणि बायकोही. आपल्या वाक्यात मात्र ती अजून स्पष्ट दिसते.

तर पुढच्या वेळी घरात कुणी 'मुलगी दिली' म्हणालं, की एकदा विचारून बघा: दिली कुणी, आणि तिला विचारलं होतं का? उत्तर काय मिळालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!