तांब्याचें तोंड आणि गेंड्याची पाठ

नाशिकच्या तांबट आळींतील हातोडीचा ठोका ज्यानें लहानपणीं ऐकला, त्याला घागर, हंडा, तांब्या यांची गोलाई नवी नसते. असें असूनहि याच गांवच्या मुलांपुढें मीं वर्गांत टेबलावर तांब्या ठेवावा आणि ‘हा काढा’ म्हणून सांगावें, कीं निम्मी मुलें त्याचें तोंड पुरतें वाटोळें काढीत, आणि बूड मात्र पट्टीनें ओढल्यासारखें सरळ. एकच मुलगा एकाच तांब्याकडे गच्चीवरून आणि जमिनीवर आडवें पडून, असें दोहींकडून पाहत आहे, असें तें चित्र होई. त्याचा डोळा अधू नसे. तोंड वाटोळें आहे हें त्याचें मन जाणतें, भांडें टेबलावर स्थिर बसलें आहे हेंहि जाणतें. आणि हात मनाचें ऐकतो, डोळ्याचें ऐकत नाहीं. या मनाच्या व डोळ्याच्या भांडणाचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

वर्तुळ तिरपें पाहिलें असतां लंबवर्तुळ दिसतें. भांडें डोळ्याच्या पातळीवर धरलें तर त्याचें तोंड म्हणजे केवळ एक आडवी रेघ. भांडें खालीं नेत जावें तसतशी ती रेघ उघडत जाते. म्हणूनच वरून पाहिलेल्या तांब्याचें बूड तोंडाहून अधिक फुगीर वक्रानें काढावें लागतें. हें नवें ज्ञान नव्हे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडनें दृष्टिशास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्यामागून अपोलोनिअसनें शंकूच्या छेदांतून निघणाऱ्या या आकृतीचा सांगोपांग विचार केला. चित्रकारांच्या हातीं यथार्थदर्शनाचे नियम आले ते मात्र पंधराव्या शतकांत, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं. आल्बेर्तीचा चित्रकलेवरील ग्रंथ १४३५ चा आहे.

पुढें ही विद्या जर्मनींत नेणारा ड्यूरर हा थोर चित्रकार. त्यानें १५२५ सालीं मापनाच्या भूमितीवर पुस्तक छापलें, आणि त्यांत शंकूचा तिरपा छेद काढतांना लंबवर्तुळ एका टोकास रुंद व दुसऱ्या टोकास निमुळतें काढून त्याला चक्क ‘अंड्याची रेषा’ असें नांव दिलें! शंकु खालीं रुंद असतो, तेव्हां छेदहि खालीं रुंद असला पाहिजे, असें त्याच्या मनानें घेतलें. वास्तविक तो छेद दोन्ही टोकांस सारखाच असतो.

ड्यूररला हंसण्याचा अधिकार मला नाहीं. मी मॅट्रिक झालेला व चित्रकलेचें प्रमाणपत्र घेतलेला मास्तर. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांच्या वस्तुचित्रासाठीं मुलांची तयारी करून घेतांना मीं कित्येक वर्षें सांगत आलों, कीं जवळची बाजू मोठी दिसते, सबब तांब्याच्या तोंडाचा पुढचा वक्र अधिक फुगवा. एके दिवशीं तांबटाच्या घरचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, असा कांठ घरीं नेला तर बाबा म्हणतील भांडें चेपलें आहे.” मला राग आला. पण घरीं गेल्यावर मीं तांब्यासमोर कांच उभी धरली, एक डोळा मिटला, आणि तोंडाची कड कांचेवर गिरवून कागदावर उतरून घेतली. कागद लांबीच्या रेघेवर मुडपला तों दोन्ही अर्धे एकमेकांवर तंतोतंत बसले. जवळचें अर्धवर्तुळ अधिक जागा घेतें हें खरेंच. पण त्यामुळें सरकतो तो वर्तुळाचा मध्य. तो लंबवर्तुळाच्या मध्यावर न पडतां किंचित् पलीकडे पडतो. आकृति दोहीं अंगांनीं सारखीच राहते. दुसऱ्या दिवशीं मीं भर वर्गांत त्या मुलाचें म्हणणें मान्य केलें. तत्पूर्वीं परीक्षेच्या किती कागदांवर माझें अंडें गेलें असेल, त्याचा हिशेब कोण देणार?

याच ड्यूररची दुसरी गोष्ट आपल्या देशाशीं निगडित आहे. गुजरातच्या सुलतानाकडून आलेला एक गेंडा आल्बुकर्कनें गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला, व तो १५१५ च्या मे महिन्यांत लिस्बनला पोहोंचला. ड्यूररनें तो प्राणी पाहिला नाहीं. दुसऱ्याच्या रेखाटनावरून व वर्णनावरून त्यानें ठसा कोरविला. त्यांतील गेंडा चिलखत घातलेल्या शिपायासारखा आहे, आणि खांद्यावर एक जादा शिंगहि आहे. युरोपनें तोच खरा गेंडा मानून कैक पिढ्या त्याच्या नकला केल्या.

आतां पुण्याकडे या. नोव्हेंबर १७९० मध्यें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें एक चित्र गंगाराम चिंतामण तांबट नांवाच्या चित्रकारानें काढलें. इंग्रजांचा वकील मॅलेट हा त्याचा आश्रयदाता. तें चित्र सध्यां अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईस उतरला तो १७९१ सालीं, म्हणजे या चित्रानंतर. गेंड्याच्या अंगावर शुद्ध वर्तुळ कोठेंच नाहीं. तरी त्याच्या कातडीच्या वळ्या पिंपावरील कड्यांप्रमाणें अंगाभोंवतीं फिरतात, आणि देह कोठें फुगला, कोठें वळला, हें त्या वळ्याच सांगतात. हातांतली बांगडी हेंच काम करते. मनगट आपल्याकडे वळलें कीं बांगडीचा वक्र एकीकडे झुकतो, दूर वळलें कीं दुसरीकडे. आंबा असो, दुध्या असो, हत्तीची सोंड असो. अशीं कडीं मनांत घालून पाहिल्यावांचून त्यांची गोलाई कागदावर येत नाहीं. गंगारामाच्या आडनांवांतच भांड्यांची गोलाई आहे. त्याच्या घरीं ठोक्याचें काम चालत होतें कीं काय हा प्रश्न मी येथें सोडून देतों, पण नांव वाचलें कीं मला माझा तो विद्यार्थी आठवतो.

पुढें गंगारामानें वेल्सच्या हाताखालीं काम केलें. वेरूळचीं लेणीं चित्रांत उतरविण्याच्या कामांत त्याचा मोठा वाटा होता. वेल्स १७९५ सालीं वारला, आणि १८०३ सालीं लंडनमध्यें वेरूळच्या चोवीस देखाव्यांचा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर नांवें वेल्सचीं व डॅनियलचीं.

सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईंत कलाशाळा सुरू झाली, आणि यथार्थदर्शन हा तेथें शिकविण्याचा विषय झाला. त्याच शाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या. नियमानें लंबवर्तुळ काढावयास शिकलेल्या त्या मुलांपुढें अशी भिंत होती, कीं जिच्यावर राजवाड्याचे खांब एका दृष्टिबिंदूला बांधलेले नाहींत, पण दंडावरचें केयूर मात्र दंडाच्या गोलाईबरोबर बिनचूक वळतें.

अजिंठा दूर वाटला तर नाशिककरांना पांडवलेणीं आहेत. नहपानाच्या काळच्या, उषवदाताच्या लेखानें प्रसिद्ध असलेल्या विहारांत ओसरीच्या खांबांना खालीं घट आहेत आणि वर घंटेसारखीं शीर्षें. मी मुलांना तेथें खालीं बसवीत असें. घटाचा कांठ डोळ्याखालीं, म्हणून त्याचा पुढचा वक्र खालीं झुकलेला. शीर्षाचें कडें डोळ्यावर, म्हणून तें वर उचललेलें. मग त्यांना उठून उभें राहावयास सांगावें. खांब हलत नसे, परंतु घटाचें तोंड हळूहळू उघडत जाई, आणि मागच्या रांगेंतून कोणी तरी हटकून “अरे!” म्हणे.