नवा गडी, नवें राज्य : बालेवाडीच्या फुटबॉलचा हिशेब

मुलांच्या खेळांत एक जुनी म्हण आहे : नवा गडी, नवें राज्य. नवा भिडू आला कीं चालू डाव मोडावयाचा आणि प्रारंभापासून पुन्हां मांडावयाचा, असा तिचा अर्थ. मोठ्यांच्या खेळांतही ती निराळ्या रूपानें नांदते. एखाद्या संघानें नवा खेळाडू घेतल्याची वार्ता आली कीं त्या संघाच्या चाहत्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आतां आपले दिवस पालटले. दुसरा म्हणतो, हा पाहुणा वयानें उतरला आहे, येथल्या उन्हांत त्याचा निभाव लागणार नाहीं. इंग्लंडांतील गिरण्यांच्या गांवीं हा वाद शंभरांहून अधिक वर्षें चालत आला आहे. आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांतही, २००९ ते २०१९ या दहा वर्षांत, तो हिरिरीनें झाला. त्या दहा वर्षांचा हिशेब मांडून पाहिला तर वादाचा निकाल बऱ्याच अंशीं लागतो; परंतु त्याबरोबरच वाद घालणाऱ्यांच्या दृष्टीआड राहिलेली एक गोष्टही ध्यानांत येते.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेणें अवश्य आहे. मुळा नदीच्या उत्तर तीरावर वाकड, म्हणजे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्द. दक्षिण तीरावर बालेवाडी. तेथें म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारांत १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें श्री शिवछत्रपति क्रीडासंकुल उभें राहिलें, आणि पुढें तेंच या भागाच्या फुटबॉलचें घर झालें. उत्तर तीरावरील वस्तीचा इतिहास हा बाहेरून आलेल्या माणसांचाच इतिहास आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या मागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले. १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. नंतर चाकणचीं शेतें मोटारधंद्यानें व्यापलीं. मराठवाडा व खानदेश यांबरोबर केरळ, बंगाल अशा दूरच्या प्रांतांतूनही माणसें येथें पोटासाठीं आलीं. क्रिकेटच्या या प्रांतांत फुटबॉलला प्रेक्षक मिळाला याचें एक कारण हें होय. कारण केरळी काय किंवा बंगाली काय, येतांना आपल्याबरोबर हा छंद घेऊन येतो.

अशा वस्तींत ‘बदली’ हा शब्द सर्वांच्या तोंडीं असावा, यांत नवल नाहीं. साहेबाची बदली होते. रजेवर गेलेल्या माणसाच्या जागीं घेतलेला तो बदली कामगार. फुटबॉलमधील खेळाडूची बदली मात्र याहून वेगळी आहे. तींत एक क्लब दुसऱ्या क्लबास पैसे मोजतो, आणि खेळाडूचा करार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. इंग्लंडांत १८८५ सालीं पैसे घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली. पुढें १८९३ पासून असा निर्बंध आला कीं एका क्लबकडे नोंदलेल्या खेळाडूनें त्याच्या संमतीवांचून दुसरीकडे खेळूं नये. वर्ष संपलें तरी त्याची सुटका नसे. या निर्बंधांतूनच खेळाडूच्या किंमतीचा जन्म झाला. १९०५ च्या फेब्रुवारींत मिडल्सबरो या लोखंडाच्या कारखान्यांच्या गांवानें संडरलंडकडून आल्फ कॉमन नांवाचा गडी एक हजार पौंडांस घेतला, तेव्हां माणसाला इतकी किंमत असावी काय, अशी ओरड झाली. परंतु मिडल्सबरोचा संघ खालच्या वर्गांत घसरण्याच्या बेतांत होता. कॉमननें पहिल्याच सामन्यांत विजयी गोल केला आणि त्या वर्षीं संघ तरला. पुढें १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपीय न्यायालयानें बेल्जियमच्या झाँ-मार्क बोस्मान याच्या दाव्यांत निकाल दिला कीं युरोपीय संघांतील देशांच्या खेळाडूस करार संपल्यावर, क्लबला कांहीं न देतां, अन्य देशांत जातां यावें. त्या दिवसापासून खेळाडू अधिक मोकळा झाला, आणि चाहत्यांच्या वादालाही नवें खाद्य मिळालें.

आतां पुण्याकडे वळूं. २००७ सालीं अशोक पिरामल उद्योगसमूहानें पुणे एफसी हा क्लब काढला, आणि २००९-१० च्या हंगामापासून तो आय-लीगमध्यें खेळूं लागला. त्याचा प्रशिक्षक डेरिक परेरा हा गोमंतकीय. यानेंच मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीगचें अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. महिंद्र युनायटेडमधून पुण्यास आलेल्यांत आराता इझुमी हा होता. याची आई जपानी व वडील गुजराती. हिंदुस्थानांत तो प्रथम २००६ सालीं कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे आला. जगानें त्याचें नांव ऐकलेलें नव्हतें. तरी मधल्या फळींत तो वर्षानुवर्षें पुण्याचा आधार राहिला. येथलें नागरिकत्व घेऊन, नीलकंठ खंबोळजा या नांवानें, २०१३ सालीं तो भारताच्या संघांतून खेळला. पुणे एफसी पहिल्याच हंगामांत तिसरा आला, आणि २०१२-१३ मध्यें गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. या यशाचें मर्म साधें होतें. घेणाऱ्यास घेतलेल्या माणसाची पारख होती, आणि घेतल्यावर त्यास अवधि दिला गेला.

२०१४ सालीं इंडियन सुपर लीग निघाली आणि सारा रंगच पालटला. प्रत्येक संघाजवळ एक जगविख्यात खेळाडू असावा अशी योजना होती. नव्या एफसी पुणे सिटीनें डाव्हिड ट्रेझेगे यास आणलें. फ्रान्सनें १९९८ चा विश्वचषक जिंकला त्या संघांतील हा गडी. २००० सालच्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इटलीविरुद्ध विजयी गोल त्याचाच. नारिंगी पोशाख करून येणाऱ्या चाहत्यांस ‘ऑरेंज आर्मी’ म्हणत. त्यांच्यांत आणि इतरत्र तेव्हां हाच प्रश्न होता कीं त्याचे पाय अजून चालतात काय. त्या ऑक्टोबरांत त्यास सदतिसावें वर्ष पुरें झालें होतें. नऊ सामन्यांत त्यानें दोन गोल केले. संघ आठांत सहावा आला. आणि पुढच्या जानेवारींत त्यानें खेळांतूनच निवृत्ति घेतली. २०१५ सालीं रुमानियाचा आद्रियान मुतू आला. त्याच्या देशासाठीं पस्तीस गोल करून तो हाजी या थोर खेळाडूच्या बरोबरीस पोंचलेला; पण संघ सातवा. २०१६ सालीं आइसलंडचा एइदुर गुद्यॉनसेन घेतला. तो हंगाम सुरू होण्यापूर्वींच जखमी झाला आणि पुण्याकडून एकही सामना खेळला नाहीं. त्याच्या जागीं मालीचा मोहमद सिसोको आला. संघ पुन्हां सहावा.

या तीन वर्षांत दुसऱ्या पक्षाचा कौल खरा ठरला असें दिसेल. परंतु २०१७ सालीं पारडें फिरलें. त्या वर्षीं पुण्यानें जगांत गाजलेलीं नांवें शोधलीं नाहींत. याच लीगमध्यें यशस्वी झालेल्या माणसांकडे पाहिलें. ब्राझीलचा मार्सेलिन्यो यानें २०१६ सालीं दिल्लीकडून दहा गोल करून सर्वांत अधिक गोलांचा मान मिळविला होता. उरुग्वेचा एमिलियानो आल्फारो ईशान्येच्या संघांतून आला. येथली हवा, प्रवास, कठीण मैदानें, सर्व कांहीं त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. प्रशिक्षक रांको पोपोविच याच्या हाताखालीं आल्फारोनें नऊ व मार्सेलिन्योनें आठ गोल केले, आणि अठरा सामन्यांत तीस गुण मिळवून संघ चौथा आला. ७ मार्च २०१८ रोजीं बालेवाडीस बेंगळूरूशीं उपांत्य सामना शून्य-शून्य बरोबरींत सुटला. चार दिवसांनीं बेंगळुरूंत सुनील छेत्रीनें तीन गोल करून पुण्यास घरीं पाठविलें. तरी तो या संघाचा सर्वोत्तम हंगाम होय.

येथें एक इशाराही आहे. तेच मार्सेलिन्यो व आल्फारो पुढच्या वर्षीं संघांत होते. परंतु प्रशिक्षक नवा आला, पहिल्या तीन सामन्यांत विजय मिळाला नाहीं, म्हणून तोही गेला, आणि संघ सातव्या स्थानीं घसरला. तेव्हां यश केवळ खेळाडूच्या पायांत नसतें. त्याच्या भोंवतीं असलेल्या घडींत असतें.

याचें एक परदेशीय उदाहरण चाकणकरांस जवळचें वाटेल. फोक्सवागेन कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ च्या मार्चमध्यें सुरू झाला. जर्मनींत त्याच कंपनीसाठीं १९३८ सालीं वसविलेलें गांव म्हणजे वोल्फ्सबुर्ग. चाकणचा कारखाना सुरू झाल्यावर दोनच महिन्यांनीं वोल्फ्सबुर्गचा फुटबॉलसंघ प्रथमच जर्मनीचा अजिंक्य झाला. त्या हंगामांत ब्राझीलच्या ग्राफीतेनें अठ्ठावीस व बोस्नियाच्या एदिन जेकोनें सव्वीस गोल केले. दोघेही २००७ सालीं आले होते, एक फ्रान्समधील ले माँ येथून, दुसरा चेक देशांतील टेपलित्से येथून. त्या वेळीं त्यांचा बोलबाला नव्हता. दोन वर्षें एकाच प्रशिक्षकाखालीं खेळल्यावर फळ दिसलें. कंपनी मोठी होती हें खरें. पण तिनें उतावळेपणा केला नाहीं, हेंही खरें.

उतावळेपणाची किंमत पुण्यास किती पडली, हें क्लबांच्या यादीवरून कळतें. महिंद्र युनायटेड २०१० सालींच बंद झाला होता. पुणे एफसीच्या मालकांनीं २०१५ सालीं अंग काढून घेतलें. कल्याणी उद्योगसमूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला, शेवटचा आला आणि मिटला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीगमध्यें राहून २०१७ नंतर दिसेनासा झाला. आणि २०१९ च्या ऑगस्टांत एफसी पुणे सिटीचीही जागा हैदराबादच्या नव्या क्लबनें घेतली. बालेवाडीच्या मैदानावर खेळलेले चार क्लब अवघ्या पांच वर्षांत गेले. चाहते खेळाडूंच्या बदलीचा वाद घालीत होते. तोंवर क्लबाचीच बदली झाली. नवा गडी टिकेल काय, हें सर्वांनीं विचारलें. राज्य टिकेल काय, हें विचारावयाचें राहून गेलें.

यांत हानि केवळ प्रेक्षकांची झाली नाहीं. पुणे एफसीनें २०११ सालीं मुलांसाठीं प्रशिक्षणशाळा काढली होती, आणि ती पुढें एफसी पुणे सिटीकडे आली. देहूरोडजवळ मामुर्डीच्या मैदानावर मुलें घडत होतीं. मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन याच शाळेंत वाढला, कांहीं काळ स्पेनमध्यें शिकून आला, आणि भारताच्या संघांत गेला. २०१९ नंतर तो बेंगळूरूचा झाला. कारखान्यांच्या पट्ट्यांतील ज्या मुलानें त्याच्याकडे पाहून चेंडू हातीं घेतला असेल, त्याच्या शेजारीं आतां मोठ्या लीगचा क्लब उरला नाहीं.

उलट कोल्हापुरांत पाहावें. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात; बाहेरचे खेळाडू तेथेंही येतात आणि त्यांच्याविषयीं पेठापेठांतून कडाक्याचे वाद होतात. पण तालीम पेठेची असते. तिला कोणी उचलून परगांवीं नेऊं शकत नाहीं. एखाद्या वर्षीं पाहुणा खेळाडू फसला तर पेठ पुढच्या वर्षीं दुसरा आणते. वाद चालूं राहतो, कारण वाद घालण्यास संघ उरतो.

पुण्याच्या संघाची पुढची कथाही ऐकण्याजोगी आहे. हैदराबाद पहिल्या वर्षीं तळाला गेलें. परंतु तेथें नव्या प्रशिक्षकास व तरुण खेळाडूंस अवधि मिळाला. २० मार्च २०२२ रोजीं गोव्यांत फातोर्डा येथें अंतिम सामन्यांत केरळ ब्लास्टर्स एका गोलानें पुढें असतां, शेवटच्या कांहीं मिनिटांत एका बदली खेळाडूनें बरोबरी साधली, आणि पुढें पेनल्टींवर हैदराबाद अजिंक्य झालें. तो गोल करणारा गोमंतकीय साहिल तावोरा पुण्याच्याच संघांतून हैदराबादेस गेला होता. ट्रेझेगे आला तेव्हां जेवढी चर्चा झाली, तिच्या शतांशही चर्चा त्याच्या नांवाची कधीं झाली नव्हती.

या सर्व हिशेबावरून चाहत्यांनीं वाद घालूं नये, असा बोध घेणें चुकीचें ठरेल. वाद हा प्रेमाचाच एक प्रकार आहे. परंतु नव्या खेळाडूविषयीं बोलतांना त्याच्या जुन्या कीर्तीपेक्षां त्याचें वय, येथल्या परिस्थितीची त्याची ओळख, प्रशिक्षकाशीं त्याचा मेळ आणि त्यास मिळणारा अवधि, हे चार मुद्दे तपासावे. पांचवा मुद्दा क्लबाच्या मालकाविषयींचा आहे : हा क्लब पांच वर्षांनीं येथेंच असेल काय? मुळेच्या दोन्ही तीरांवर पुन्हां कधीं मोठा क्लब उभा राहिला, तर तेथील रसिकांनीं हा पांचवा प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावा.