कर्जाचा आकडा

शेतीचे धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-दिल्लीची कचेरी उभी राहते. माझ्या वर्गातल्या मुलांनाही तसेच वाटे. सहलीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "सर, धोरण ठरवतात त्या संस्था बघायच्या, म्हणजे मुंबईलाच जायचं ना?" मी म्हटले, मुंबई राहू द्या. आधी सुप्याला जाऊ.

सुपे हे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी भीमथडी तालुक्यात होते. बाजाराचे गाव, सावकारांची वस्ती मोठी. १२ मे १८७५ रोजी इथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दारांवर गेला. जमावाला हवे होते ते कागद. खते, रोखे, फैसले मिळतील तेवढे बाहेर काढून त्यांची होळी केली. तसे का झाले, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत इकडच्या कापसाला भलताच भाव आला, सावकाराने हात सैल सोडला. मग भाव कोसळला, त्यात सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडला. कुणब्याला वाचता येत नसे. त्याचा अंगठा कशाखाली घेतला आहे हे कागदच जाणे!

सुप्यात आज त्या होळीची खूण आम्हाला काही दिसली नाही. मुले थोडी हिरमुसली. पण खूण आहे, ती कायद्यात आहे. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत तो लागू झाला. रोख्यावर आकडा काय आहे एवढेच पाहून न थांबता मूळ देणे किती, व्याज किती, हे कोर्टाने खणून काढावे, असे त्यात ठरले. कर्जापायी कुणब्याला कैदेत टाकणेही बंद झाले. सावकारही काही कमी नव्हते. त्यांनी गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली.

तिथून आमची एस. टी. पुण्याला आली. कृषी महाविद्यालयात मी मुलांना डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्याविषयी सांगितले. या प्राचार्यांनी सहकाऱ्यांना घेऊन जवळचे पिंपळे सौदागर हे गाव घरोघर फिरून तपासले आणि १९१७ साली त्यावर पुस्तक काढले. १७७१ साली तिथली सरासरी जमीन ४० एकर होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. आज तिथे उंच इमारती आहेत, ही गोष्ट वेगळी.

पुढे गोखले अर्थशास्त्र संस्था. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने ती १९३० मध्ये स्थापिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी त्यांनी केली. पुढे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदीही हेच गाडगीळ बसले. रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करवली, त्या समितीतही ते होते. तिचा अहवाल १९५४ साली आला. शेतकऱ्याच्या कर्जउचलीत सहकारी संस्थांचा वाटा शंभरात जेमतेम ३.१ निघाला, सावकारांचा सत्तरच्या घरात. सहकारी पतसंस्थांचा कायदा होऊन तेव्हा ५० वर्षे झाली होती, हे लक्षात घ्या. या एका आकड्याने पुढचे कर्जधोरण हलवले. सहकारात सरकारने भागभांडवल घालावे, हा विचार तिथूनच जोर धरू लागला.

"पण सर, हे आकडे खरे कशावरून? लोक कर्ज सांगतात का?" एका मुलाने विचारले. प्रश्न मला आवडला. मी म्हटले, तूच करून बघ. प्रत्येकाने आपल्या घरचे कर्ज विचारून आणायचे. कागदावर नाव घालायचे नाही.

पंधरा दिवसांनी कागद आले. बहुतेकांवर सोसायटीचा किंवा जिल्हा बँकेचा आकडा. 'सावकार' हे घर कोरे. त्या मुलाचा कागद मात्र दोनदा लिहिलेला होता. वर शाईने बँकेचा आकडा. खाली पेन्सिलीने दुसरा, त्याच्या दुपटीचा. वडील आधी काही बोललेच नाहीत, रात्री जेवण झाल्यावर त्याला गोठ्यात घेऊन गेले, तेव्हा सांगितले.

"हा खालचा आकडा आईला ठाऊक नाही, सर," तो म्हणाला, "वर्गात वाचू नका."